मास्तरांच्या बायकोचा संघ

"तू सांगितलंस म्हणून मला कळलं," मास्तर म्हणत होते. "मी काही तुझ्या उशीखाली हात घालून चोरलं नाही."

"घरात सांगितलं होतं मी. मैदानावर ओरडायला नव्हतं सांगितलं."

"घर म्हणजे काय बँकेचा लॉकर आहे? कानावर पडलं, डोक्यात राहिलं, वेळेला आठवलं. संपलं."

करपलेल्या पातेल्याचा तळ त्यांची बायको मघापासून घासत होती आणि तो केव्हाच चकचकीत झाला होता. तिच्या बुटांचा चिखल फरशीभर उमटला होता. एरवी या घरात तसं पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बारीक केला होता, म्हणजे भांडण नीट ऐकू यावं. मुलगी जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटायला विसरली होती.

भांडण सहा गोलांचं होतं. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या बायकांचा फुटबॉल संघ त्या दुपारी बिस्किट फॅक्टरीच्या संघाकडून सहा गोलांनी हरला होता. हरणं नवं नव्हतं. पण बिस्किटवाल्यांच्या बाजूला टोपी घालून उभे होते ते मास्तर, आणि गेल्या वर्षापर्यंत ते लॉन्ड्रीच्याच संघाला शिकवत होते. फॅक्टरीने कायमची नोकरी दिली, ते गेले. त्यालाही कोणी नावं ठेवली नाहीत. पोट सगळ्यांनाच असतं.

नावं ठेवावीत असं घडलं ते दुसऱ्या गोलानंतर. मास्तरांची बायको नेहमीसारखी लॉन्ड्रीच्या बाजूला पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेवर उभी होती. मास्तरांनी पलीकडून आपल्या संघात पुढे खेळणाऱ्या मुलीला हाक मारून सांगितलं, "त्या दोघींच्या मधे उभी राहा. त्या एकमेकींशी बोलत नाहीत. छोटीची आई गेल्यापासून."

मैदान काही फार मोठं नव्हतं. ते सगळ्यांनी ऐकलं. छोटीनेही ऐकलं.

छोटी म्हणजे मुंगी. सुकवणीच्या यंत्रावर काम करायची, चणीने इतकीशी, संघात डाव्या बाजूला बचावाला. तिच्या शेजारी मधे कात्री. कात्री हे नाव जिभेवरून पडलेलं. मुंगीची आई आजारी होती तेव्हा मुंगी रोज थोडी लवकर निघायची, आणि कात्रीने ते लॉन्ड्रीच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी लवकर जाणं बंद केलं. शेवटच्या दिवशी मुंगी घरी पोचली तेव्हा शेजारणींनी आईचे डोळे मिटवून झाले होते. त्यानंतर मुंगी कात्रीशी एक शब्द बोलली नाही. मैदानावर कात्री "पुढे" म्हणून ओरडायची, बाकीच्या पुढे यायच्या आणि मुंगी मुद्दाम जागच्या जागी राहायची. मुद्दाम, की पायच उचलत नसत, हे तिचं तिलाही माहीत नसावं.

हे सगळं बायकोनेच एका संध्याकाळी या स्वयंपाकघरात मास्तरांना सांगितलं होतं. सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि मास्तरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. आता ती पातेलं उपडं ठेवताना म्हणाली, की तो हात कशासाठी फिरत होता ते आज कळलं.

"खेळ आहे," मास्तर म्हणाले. "रडायचं असेल तर पत्ते खेळा."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, की जिंकणाऱ्याला कोणी जेवायला वाढणार आहे की नाही. तिने वाढलं. भात वाढला, भाजी वाढली, पाणी ठेवलं. पण त्या दिवसापासून त्या टेबलावर ती नवऱ्याशी लॉन्ड्रीतलं अवाक्षर बोलली नाही.

मास्तरांची बायको हीच तिची ओळख होती. लॉन्ड्रीत तिला ताई म्हणत, इस्त्रीच्या रोलरची ती मुख्य होती, पण मैदानावर ती मास्तरांची बायको. लग्नाआधी ती स्वतः खेळायची, मधल्या फळीत, आणि बरी खेळायची. मास्तरांना तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय ते कळत नसे. ते तिनेच साखरपुड्यानंतर एका बागेत शेंगदाणे मांडून त्यांना समजावलं होतं. पुढे मुलगी झाली, सासूबाईंचे गुडघे गेले, मग मास्तर मास्तर झाले आणि ती जर्सी धुऊ लागली. याबद्दल तिची तक्रार होती असंही नाही. शेंगदाणे मात्र ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत ती आत शिरली तशी बोलणी थांबली. यंत्रं गरगरत होती, वाफ उठत होती, आणि एकेक जण आपापल्या ढिगाऱ्यात डोकं घालून बसली होती. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, की हॉस्पिटलच्या नावाची शोभा पुरे झाली, संघ बंद करू. ती एप्रन न काढताच त्यांच्या खोलीत गेली आणि संघ मी शिकवते म्हणाली.

साहेब आधी हसले. "घरी मास्तर, इथे तुम्ही. संध्याकाळी चहा पिताना मॅच ठरवून टाकाल."

ती हसली नाही. तेव्हा साहेबही गंभीर झाले. परतीचा सामना बिस्किटवाल्यांच्या मैदानावर व्हायचा होता. तोवर काय करायचं ते करा, म्हणाले. तिथे हरलात तर बूट गोळा करून भंगारात.

घड्या घालायच्या खोलीत तिने सगळ्यांना बोलावलं. लांबलचक टेबल, त्यावर गरम चादरींचे ढीग, हवेत कापसाची बारीक लव. कोणी बसलं नाही. कात्रीने सुरुवात केली.

"ताई, राग नका मानू. पण आम्ही इथे शिंकलो तरी तुमच्या घरी रुमाल निघतो."

दोघीतिघी हसल्या. गोलकीपर, तिला खांब म्हणत, ती सहा गोल खाल्ल्यापासून कोणाकडे वर बघत नव्हती. ती भिंतीला टेकून राहिली. मुंगी सगळ्यांच्या मागे होती. तिथूनच तिने विचारलं, "माझ्या आईचं तुम्हीच सांगितलंत?"

"मीच."

ताईने माफी मागितली नाही. माफीची तयारी ती रात्रभर करून आली होती, पण त्या चेहऱ्यांकडे बघितल्यावर तिला ते शब्द फार स्वस्त वाटले. ती एवढंच म्हणाली की मला त्या माणसाला त्याच्या मैदानावर, त्याच्या टोपीसकट, हरताना बघायचंय. तुमच्यापैकी कोणाला बघायचं असेल तिने थांबावं. नसेल तिने जावं, मी मनात धरणार नाही.

कोणी गेलं नाही.

"पण मी हिच्याशी बोलणार नाही," मुंगी कात्रीकडे न बघता म्हणाली.

"नको बोलूस," ताई म्हणाली. "ती तुला आवडायला पाहिजे असं कुठे आहे? मास्तर आवडत नाहीत ना? तेवढं पुरे."

संघ एक कसा करायचा यावर मास्तर पूर्वी भाषणं द्यायचे. एका हाताची बोटं, लाकडांची मोळी, वगैरे. ताईकडे भाषण नव्हतं. तिच्याकडे चादरी होत्या. हॉस्पिटलची मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही. दोघींनी समोरासमोर धरायची, एकदम झटकायची, कोपऱ्याला कोपरा आणत एकमेकींपर्यंत चालत जायचं. एक जरा आधी निघाली की घडी वाकडी, आणि वाकडी घडी कपाटात बसत नाही. ताईने मुंगीची जोडी कात्रीबरोबर लावली. पहिल्या दिवशी त्यांचा ढीग उष्ट्या पत्रावळीसारखा दिसत होता. ताईने तो सगळा मोडून पुन्हा त्यांच्यासमोर टाकला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा कात्रीच्या तोंडून शिवी गेली, मास्तरांच्या नावाने, आणि मुंगीच्या ओठाचा कोपरा हलला.

मैदानासाठी तिने वॉर्डमधले जुने हिरवे पडदे काढले, रद्दीत टाकायला ठेवलेले. ते एकाला एक गाठी मारून जोडले आणि मागच्या आवारात, जिथे पूर्वी कपडे वाळत घालत, तिथे बचावाच्या चौघींच्या हातात दिले. युक्ती साधी होती. समोरची मुलगी चेंडू तिच्याकडे सुटायच्या आधीच या चौघींच्या पलीकडे गेली तर ऑफसाइड, गोल बाद. म्हणून चौघींनी योग्य वेळी एका रेषेत पुढे सरकायचं, म्हणजे समोरची आपोआप मागे, चुकीच्या जागी उरते. चौघींतली एक जरी मागे राहिली तरी सगळं फुकट. मुंगी मागे राहायची आणि सहा गोल तिथूनच आले होते.

पडदा हातात असला की मागे राहता येत नसे. मनगटाला ओढ बसायची. पहिल्या आठवड्यात गाठी सुटल्या, एक पडदा टरकन फाटला, उजवीकडची तोंडावर आपटली. मग ताईने आणखी एक बदल केला आणि त्यावर खरी जुंपली. पुढे कधी यायचं ते आता कात्रीने ओरडून सांगायचं नाही. मुंगी हलेल तेव्हा सगळ्यांनी हलायचं.

कात्री म्हणाली, "मी हिच्या मागे मागे? हिच्या?"

"हो. तू साहेबांकडे गेलीस म्हणून तिला आईकडे उशिरा धावावं लागलं. आता तू धाव."

कात्री पडदा टाकून चालती झाली. आवाराच्या फाटकापर्यंत गेली. तिथे पाठ करून उभी राहिली. मुंगी तिच्या पाठीकडे बघत होती आणि पडद्याचं टोक तिने सोडलं नव्हतं. बऱ्याच वेळाने कात्री परत आली, पडदा उचलला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "सांग कधी ते."

मुंगी बोलली नाही. पण हलली, आणि चौघी हलल्या.

घरी मास्तर चौकशा करत. आधी सरळ विचारलं, मग चेष्टेत, मग मुलीला पुढे करून. ताई भाजी वाढायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की ती शेजारणीशी जिन्यात जे बोलते ते मास्तरांना जेवायच्या आत ठाऊक असतं. सासूबाईंची खुर्ची दाराजवळ सरकली होती. गुडघ्यांना वारा लागतो म्हणे तिथे.

तिला आधी संताप आला. मग तिने त्या खुर्चीत उशी नेऊन ठेवली, सासूबाईंना बरं पडावं म्हणून.

तिच्या डोक्यात जे आलं होतं ते तिने आधी घड्यांच्या खोलीत सांगितलं. मास्तरांच्या कानात खोटं सोडायचं. कोणातरी एकीचं दुखणं सांगायचं, म्हणजे त्यांचा सगळा मारा तिच्या अंगावर येईल, आणि आपल्याला हवा तिथे येईल. पण मग तिला लाथाही जास्त बसतील. म्हणून जिचं नाव घ्यायचं तिने स्वतः हो म्हणायला हवं. आधीसारखं तुम्हाला न विचारता तुमचं काही माझ्या घरात जाणार नाही.

"माझं सांगा," खांब म्हणाली. "नाहीतरी सगळे मलाच धरतात."

"गोलकीपरकडे मारा वळवून काय करू? तो तसाही तुझ्याकडेच येतो."

हशा पिकला. त्या सहा गोलांनंतर खांब पहिल्यांदा हसली. तेवढ्यात मुंगी म्हणाली, माझं सांगा. तिकडून आल्या की मी हलेन, आणि सगळ्या अडकतील. कात्रीने लगेच मान हलवली, नको म्हणाली, हिच्या अंगात आहे काय, एका धक्क्यात जाईल. मुंगीने वर्षभरात पहिल्यांदा तिच्याशी तोंड उघडलं.

"तू मधे आहेस ना? मग."

त्या संध्याकाळी ताई घेवड्याच्या शेंगा निवडायला बाहेरच्या खोलीत बसली. सासूबाईंनी टीव्ही आपणहून बंद केला. ताई म्हणाली की जिवाला घोर लागलाय, आमच्या मुंगीचा डावा गुडघा सुजलाय, पळता येत नाही, दुसरी कोणी नाही म्हणून तिलाच उभी करावी लागणार. "आई, तुमच्यापाशी म्हणून बोलले. कोणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगू," सासूबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय तुमच्या त्या चेंडूचं."

मुलगी तिथेच होती. तिने आईकडे बघितलं, मग शेंगांकडे, आणि एक शेंग उचलून मुकाट्याने सोलायला लागली. आईवरच गेली होती.

परतीच्या सामन्याला बिस्किट फॅक्टरीच्या मैदानावर भाजलेल्या पिठाचा गोड वास पसरला होता. मास्तर टोपी नीट करत पलीकडच्या रेषेवर आले, बायकोला हात केला. तिनेही केला. खेळ सुरू झाल्या झाल्या बिस्किटवाल्यांचे सगळे चेंडू डावीकडे यायला लागले. त्यांची पुढची मुलगी, दांडगी, पॅकिंगमध्ये पोती उचलणारी, मुंगीच्या पाठीशी येऊन उभी राहिली. चेंडू सुटायच्या क्षणी मुंगी हलली. तिच्याबरोबर कात्री, कात्रीबरोबर बाकीच्या दोघी. हातात पडदा नव्हता, पण मनगटं तशीच धरलेली होती. रेषेवरच्या पंचाचा झेंडा वर गेला. ऑफसाइड.

पुन्हा झेंडा. पुन्हा. बिस्किटवाल्यांनी एक चेंडू जाळ्यात घातलासुद्धा आणि नाचल्या, आणि मागे वळून बघतात तर झेंडा वर. मास्तरांनी टोपी काढली. ताईला वाटलं होतं या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. झाला. अगदी हवा तेवढा झाला. रेषेच्या या टोकावरून ती त्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती चवीने बघत राहिली.

मध्यंतरानंतर लॉन्ड्रीचा गोल झाला, कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर, धक्काबुक्कीत, कोणाच्या डोक्याला लागून गेला ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आणि मग मास्तर ओरडले. त्यांचा आवाज ताई गर्दीतही ओळखायची.

"गुडघा, गुडघा! डावा!"

पुढच्याच चेंडूला दांडगी मुंगीवर गेली, चेंडू सोडून. मुंगीचा आवाज फार आला नाही. हाडाचा आला.

कात्री तिच्याजवळ सगळ्यांच्या आधी पोचली. दांडगीला मारायला तिने हात उचलला होता, पण मुंगीने खालून तिचा मोजा घट्ट धरून ठेवला. तुला बाहेर काढलं तर उरलेल्या वेळात आपण हरू, असं काहीतरी ती म्हणत होती म्हणे. मुंगीला चादरीत घालून बाहेर आणलं, चौघींनी चार कोपरे धरून, कुठे न वाकता. उरलेला सामना लॉन्ड्री ज्या तऱ्हेने खेळली त्याला फुटबॉल म्हणावं का हे सांगता येणार नाही, पण गोल झाला नाही. जिंकल्यावर कोणी उड्या मारल्या नाहीत. सगळ्या तशाच घामेजल्या, चिखलाच्या, हॉस्पिटलात गेल्या आणि प्लास्टर होईपर्यंत बाहेरच्या बाकांवर एकमेकींना चिकटून बसून राहिल्या.

ताई घरी आली तेव्हा मास्तर टेबलाशी बसले होते. त्यांनी बराच वेळ शब्द जुळवलेले दिसत होते.

"तू मला माझ्याच घरात खोटं सांगितलंस."

"तुम्हाला कुठे? आईंना सांगितलं."

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या की मला मधे ओढू नका, माझे गुडघे दुखतात. गुडघा हा शब्द निघाल्यावर ताईने वळून त्यांच्याकडे बघितलं.

मग मास्तर म्हणाले की मी फक्त तिला पळवा म्हणत होतो, पाय तोडा असं थोडंच म्हणालो. आणि शेवटी त्या पोरीला पुढे केली कोणी? तूच ना? हे खरं होतं. येताना वाटेवर ती हेच स्वतःला विचारत आली होती, आणि उत्तर तिला आवडलं नव्हतं. पण त्या उत्तराने नवऱ्यावरचा राग रतीभरही कमी झाला नव्हता. दोन्ही तिच्या पोटात शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांशी न बोलता.

तिने बूट काढून दाराशी ठेवले, हात धुतले, आणि पुसता पुसता सांगितलं.

"मुंगी एकटी राहते, तिसऱ्या मजल्यावर. वर संडास नाही. परवा तिला सोडतायत, ती इथे येईल. आतल्या खोलीत, पलंगावर. मी तिच्याजवळ खाली झोपेन. तुम्ही बाहेर, आईंच्या खोलीत. तिला उचलून आणायला तुम्ही जायचं, आणि सकाळ-संध्याकाळ मोरीपर्यंत धरून न्यायचं तेही तुम्हीच. तिला मी विचारलंय, ती हो म्हणाली. प्लास्टर निघेपर्यंत ती इथेच राहील."